शिक्का, मोर्तब आणि मध्यवर्ती संगणक

बँकेचे हिशेब ज्या काळी जाड बांधणीच्या वह्यांत लिहिले जात, त्या काळी हिशेबाचे रक्षण म्हणजे वहीचे रक्षण आणि वहीचे रक्षण म्हणजे कपाटाचे रक्षण, असा सरळ अर्थ होता. खतावणीत फेरफार करू पाहणाऱ्याला स्वतः बँकेत यावे लागे. येणाऱ्याचा चेहरा, त्याची सही आणि त्याची पत लेखनिकाच्या परिचयाची असे. आज तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम गावी पितळी भांड्यांचा एखादा व्यापारी बँकेत जाऊन आपली शिल्लक विचारतो, तेव्हा त्याच्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याजवळ वही नसते. ती दूरच्या कोणत्या तरी इमारतीत, मध्यवर्ती संगणकात असते. कर्मचारी पडद्यावर काही अक्षरे उमटवितो. ती एका आज्ञावलीकडून दुसरीकडे आणि दुसरीकडून तिसरीकडे जातात. आणि शेवटी जे यंत्र वहीचे पान उलगडते, त्याने त्या व्यापाऱ्याला पाहिलेले नसते आणि कर्मचाऱ्यालाही पाहिलेले नसते.

मग ते यंत्र पान उलगडते ते कोणाच्या शब्दावर? प्रस्तुत प्रकरणात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्या मध्यवर्ती संगणकावरील माहितीसंचयाशी, म्हणजे डेटाबेसशी, कशा जोडल्या जातात आणि या जोडणीत एकमेकांची ओळख कशी पटविली जाते, हे आपण पाहू. विषय तांत्रिक असला, तरी त्यात गुंतलेले हित सर्वसामान्य माणसाचे आहे. शेतकऱ्याने पीक विकून ठेवलेली रक्कम, निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन, विणकराची बचत, ही सारी त्या एका वहीतील नोंदींच्या स्वरूपात असतात. नोंद खोटी झाली, की पैसाही खोटा झाला.

जुन्या दफ्तराची रीत

दूर असलेल्या माणसाची ओळख कागदावरून पटविण्याची अडचण संगणकाच्या आधी कित्येक शतके राज्यकर्त्यांना भेडसावीत होती. तंजावरला इ.स. १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. त्या दरबाराचे मोडी लिपीतील असंख्य कागद तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात आले. पुढे त्यांतील काहींची तमिळ भाषांतरे तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केली. हे कागद ज्या मराठी दफ्तरी परंपरेतील आहेत, तिने पत्राच्या खरेपणाची कसोटी एकाच खुणेवर कधी ठेवली नाही.

पत्राच्या माथ्यावर शिक्का असे. हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले, ते त्यावरून कळे. मजकूर संपला, की त्याखाली मोर्तब, म्हणजे शेवटची मुद्रा, उठविली जाई. मजकूर येथे संपला आहे आणि यापुढे एक अक्षरही वाढविलेले नाही, असा तिचा अर्थ होता. तिसरी गोष्ट म्हणजे पत्र रवाना झाल्याची नोंद दफ्तरात निराळी राही, आणि शंका आल्यास पत्र त्या नोंदीशी ताडून पाहता येई. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज केवळ ‘मंजुरी’ या अर्थाने वापरतो. परंतु त्या एका शब्दात दोन वेगळी कामे दडलेली आहेत. शिक्का सांगतो पाठविणारा कोण. मोर्तब सांगते मजकूर तोच आहे. आणि दफ्तरातील नोंद या दोहोंची साक्ष देते.

संगणकाच्या क्षेत्रात हेच तीन प्रश्न पुन्हा उभे राहिले. त्यांत एका चौथ्याची भर पडली: ओळख पटली हे खरे, पण या माणसाला हे पान पाहण्याचा वा बदलण्याचा अधिकार आहे काय? ओळख आणि अधिकार या भिन्न बाबी आहेत. राजवाड्याचा पहारेकरी ज्याला ओळखतो, त्या प्रत्येकाला तो जामदारखान्यात सोडीत नाही.

परवलीचा शब्द

आरंभीच्या संगणकांवर एका वेळी एकच काम चाले, त्यामुळे ओळखीचा प्रश्न यंत्रापुढे नव्हताच. यंत्राच्या खोलीचे दार सांभाळले की पुरे. १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धती प्रत्यक्षात आणून दाखविली. ज्याचे लेखन त्याच्यापुरतेच राहावे, यासाठी त्या पद्धतीत प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. रात्रीच्या पहाऱ्यावर शिपाई ज्याप्रमाणे परवलीचा शब्द विचारी, त्याप्रमाणेच यंत्र तो विचारू लागले.

या उपायातील उणीव लवकरच उघडी पडली. १९६६ मध्ये त्याच यंत्रणेवर दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि प्रत्येक वापरकर्त्याला आरंभी दिसणाऱ्या दैनिक सूचनेच्या जागी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच दिसू लागली. यादी जशीच्या तशी साठवून ठेवणे हाच मूळ दोष होता. त्यावरील तोडगा त्याच दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील केंब्रिज येथे रॉजर नीडहॅम यांनी सुचविला. परवलीचा शब्द तसाच न ठेवता त्यावर अशी गणिती प्रक्रिया करावी, की शब्दावरून तिचे फळ काढता यावे, पण फळावरून शब्द काढता येऊ नये. यंत्राने फक्त फळ जपावे. विचारणाऱ्याने शब्द सांगितला, की त्याचे फळ पुन्हा काढून साठविलेल्या फळाशी ताडून पाहावे. दळलेल्या पिठावरून गहू पुन्हा उभा करता येत नाही, तसेच हे आहे.

दरम्यान आय. बी. एम. या कंपनीने १९६४ मध्ये ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. मोठ्या संस्थांचा सारा हिशेब सांभाळणाऱ्या अशा यंत्रांना मेनफ्रेम म्हणतात. त्याच कंपनीने १९७६ मध्ये ‘रॅकफ’ ही सुरक्षेची आज्ञावली आणि १९८३ मध्ये ‘डीबी-टू’ हा डेटाबेस आणला. या दोहोंतील श्रमविभागणी ध्यानात घेण्याजोगी आहे. वही सांभाळण्याचे काम डेटाबेसचे. येणाऱ्याची ओळख पटविण्याचे काम सुरक्षा-आज्ञावलीचे. डेटाबेस स्वतः परवलीचे शब्द बाळगीत नाही. आलेले नाव आणि शब्द तो सुरक्षा-आज्ञावलीपुढे ठेवतो आणि तिचा निर्णय मानतो. खजिनदाराने पहारेकरी होऊ नये आणि पहारेकऱ्याजवळ खजिन्याची किल्ली असू नये, हे जुने शहाणपण येथे कायम राहिले आहे. सर्वच बँकांचे मध्यवर्ती संगणक मेनफ्रेम जातीचे नसतात. काही ठिकाणी अनेक मोठ्या यंत्रांचा समूह हे काम करतो. परंतु पुढे सांगितलेले तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

जोडणीचे टप्पे

आता एखादी व्यवहाराची आज्ञावली, समजा खात्यांचा तपशील दाखविणारी आज्ञावली, मेनफ्रेमवरील डेटाबेसशी कशी जोडली जाते ते क्रमाने पाहू.

पहिला टप्पा पत्त्याचा. ज्या यंत्राकडे जावयाचे त्याचा जाळ्यावरील क्रमांक, त्या यंत्राचे कोणते दार ठोठवावयाचे त्याचा क्रमांक, आणि आत गेल्यावर कोणता डेटाबेस हवा त्याचे नाव, या तीन गोष्टी आज्ञावलीला आधी सांगून ठेवाव्या लागतात. यांतील एक जरी चुकली, तरी ओळख पटविण्याचा प्रसंगच येत नाही.

दुसरा टप्पा भाषेचा. व्यवहाराची आज्ञावली एका भाषेत लिहिलेली असते, तर मेनफ्रेम दुसऱ्याच शिस्तीने बोलतो. त्यांच्या मध्ये दुभाष्याचे काम करणारी एक लहान आज्ञावली असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. दोन्ही पक्ष कोणत्या बोलीत बोलणार आणि ओळख पटविण्याची कोणती रीत त्यांना मान्य आहे, हे याच टप्प्यावर ठरते.

तिसरा टप्पा ओळखीचा. सर्वांत साधी रीत म्हणजे नाव आणि परवलीचा शब्द पाठविणे. मात्र हा शब्द उघडा पाठविला, तर वाटेत तो कोणीही वाचू शकतो. म्हणून तो, आणि उत्तम व्यवस्था असेल तेथे सारे संभाषणच, सांकेतिक रूपात पाठविले जाते. याहून सरस रीत तिकिटाची आहे. तीत वापरकर्ता एका विश्वासू तिसऱ्या यंत्राकडे आपली ओळख पटवितो आणि ते यंत्र त्याला ठरावीक काळापुरते, ठरावीक दारासाठी तिकीट देते. या पद्धतीचा प्रसिद्ध नमुना वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेतच १९८० च्या दशकात तयार झाला. मेनफ्रेमवर याच जातीची आणखी एक सोय आहे: दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली एक गुप्त किल्ली, वापरकर्त्याचे नाव, आज्ञावलीचे नाव आणि त्या क्षणीची वेळ यांच्यावरून एक शब्द काढला जातो आणि तो अवघी काही मिनिटे चालतो. चोराच्या हाती तो लागेपर्यंत सहसा निरुपयोगी झालेला असतो.

चौथा टप्पा अधिकाराचा. ओळख पटल्यावर डेटाबेस आपल्या नोंदवहीत पाहतो, की या नावाला कोणता तक्ता वाचण्याची आणि कोणता बदलण्याची मुभा आहे. शिल्लक दाखविणाऱ्या आज्ञावलीला शिल्लक बदलण्याचा अधिकार असण्याचे कारण नाही. कामापुरताच अधिकार द्यावा, त्याहून अधिक देऊ नये, हा या शास्त्रातील मूलभूत नियम होय.

या चारही टप्प्यांना मिळून एका सेकंदाचा लहानसा अंश लागतो. त्यानंतरच पहिला खरा प्रश्न विचारला जातो: अमुक क्रमांकाच्या खात्यात शिल्लक किती?

मधला माणूस नाहीसा होतो

येथे एक अडचण उद्भवते. बँकेच्या शेकडो शाखांतून हजारो कर्मचारी एकाच वेळी काम करीत असतात. प्रत्येकासाठी स्वतंत्र जोडणी उघडणे व मिटविणे हे मध्यवर्ती संगणकाला फार महागात पडते. म्हणून मधली आज्ञावली काही जोडण्या सकाळीच उघडून ठेवते आणि ज्याला गरज लागेल त्याला त्यांतील रिकामी जोडणी क्षणभर वापरू देते. या सर्व जोडण्या एकाच नावाने उघडलेल्या असतात, आणि ते नाव त्या आज्ञावलीचेच असते.

सोय मोठी झाली, पण तिची किंमत द्यावी लागली. कर्मचाऱ्याची ओळख आज्ञावलीपाशी पटली; आज्ञावलीची ओळख डेटाबेसपाशी पटली; परंतु डेटाबेसच्या दृष्टीने सारे व्यवहार एकाच व्यक्तीने केले. कुंभकोणमच्या शाखेतील लेखनिक आणि मुंबईतील लेखनिक यांच्यातला भेद त्याच्यापुरता संपला. ज्याच्या हाती ते एक सामाईक नाव आणि त्याचा परवलीचा शब्द लागेल, त्याच्या हाती त्या आज्ञावलीचे सारे अधिकार आले. हा परवलीचा शब्द पुष्कळदा एखाद्या फायलीत लिहून ठेवलेला असतो आणि वर्षानुवर्षे बदललेला नसतो.

यावर डीबी-टूच्या २००७ मधील आवृत्तीत ‘विश्वस्त जोडणी’ची सोय करण्यात आली. अमुक यंत्रावरून, अमुक नावाने येणारी जोडणी ही मुखत्यार समजावी आणि तिने प्रत्येक कामाच्या वेळी मूळ माणसाचे नाव कळवावे, असे तीत ठरविता येते. मुखत्याराने सही करताना ‘अमुकातर्फे’ असे लिहावे, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे जोडणी सामाईक राहूनही नोंद मूळ माणसाच्या नावे होते. तरीही मुखत्यारच जर चोराच्या ताब्यात गेला, तर तो सांगेल ते नाव खरे मानावे लागते. ओळखपडताळणीची मर्यादा येथे स्पष्ट होते. २०१८ या एकाच वर्षी आपल्या देशात घडलेल्या तीन घटनांनी ती निरनिराळ्या बाजूंनी दाखवून दिली.

कुंभकोणम, फेब्रुवारी २०१८

कुंभकोणम येथे १९०४ मध्ये ‘कुंभकोणम बँक’ या नावाने स्थापन झालेली बँक पुढे वाढत गेली आणि १९८७ पासून ‘सिटी युनियन बँक’ म्हणून ओळखली जाऊ लागली. परदेशी पैसे पाठविण्यासाठी जगातील बहुतेक बँका ज्या संदेशजाळ्याचा उपयोग करतात, त्या स्विफ्टचा उपयोग हीही बँक करीत होती. स्विफ्ट स्वतः पैसे नेत नाही. ते फक्त आज्ञा पोचविते. परदेशातील प्रतिनिधी बँक त्या आज्ञेवर विश्वासून पैसे देते. तिची प्रत हुंडीसारखी असते: कागद खरा, म्हणून पैसा खरा.

७ फेब्रुवारी २०१८ रोजी हिशेबाची रुजुवात घेताना बँकेच्या ध्यानात आले, की आपण कधीही न दिलेल्या तीन आज्ञा आपल्या नावाने बाहेर गेल्या आहेत. त्यांची एकूण रक्कम वीस लक्ष डॉलरांच्या घरात होती. पहिली आज्ञा न्यूयॉर्कमार्गे दुबईकडे, पाच लक्ष डॉलरांची. दुसरी फ्रँकफुर्टमार्गे तुर्कस्तानकडे, तीन लक्ष युरोंची. तिसरी न्यूयॉर्कमार्गे चीनकडे, दहा लक्ष डॉलरांची. पहिली रक्कम तत्काळ अडविली गेली आणि परत मिळाली. तुर्कस्तानकडे गेलेली रक्कमही तेथील बँकेने अडकवून ठेवली. चीनकडील रकमेचा पाठपुरावा मात्र करावा लागला.

प्रतिनिधी बँकांच्या बाजूने पाहिले, तर त्यांचे काही चुकले नव्हते. आज्ञा योग्य जाळ्यातून, योग्य नावाने आली होती. शिक्का खरा होता. तो उठविणारा हात तेवढा परका होता.

या प्रकरणातील सर्वांत बोलका तपशील छपाईयंत्राचा आहे. स्विफ्टवरून पाठविलेल्या आज्ञांची पोच बँकेतील एका छपाईयंत्रावर उमटत असे. आदल्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, भामट्यांनी ते यंत्रच बंद पाडले. त्यामुळे त्या दिवशीच्या पोचा कागदावर आल्या नाहीत आणि कोणाला संशय आला नाही. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेवर असाच घाला पडला होता. तेथून सुमारे ९५ कोटी डॉलर पळविण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांपैकी ८ कोटी १० लक्ष डॉलर फिलिपाइन्सला पोचले. त्याही वेळी छपाईयंत्र मुके झाले होते. चोराला सर्वांत मोठे भय कुलपाचे वाटत नसून साक्षीदाराचे वाटते, हेच यावरून दिसते. कुंभकोणमला साक्षीदार एका दिवसापुरता गप्प झाला, पण दुसऱ्या दिवशीच्या रुजुवातीने त्याची जागा घेतली, आणि म्हणूनच रकमेचा मोठा भाग हातचा गेला नाही.

पुणे, ऑगस्ट २०१८

सहा महिन्यांनी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. त्याचे स्वरूप निराळे होते. एटीएम यंत्रात कार्ड घातले, की विचारणा एका मधल्या यंत्राकडे, स्विचकडे, जाते. स्विच ती बँकेच्या मध्यवर्ती संगणकापुढे ठेवतो. तेथे खाते व शिल्लक पाहिली जाते. होकार आला, की पैसे बाहेर पडतात. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून एक बनावट स्विच उभा केला. विचारणा मध्यवर्ती संगणकापर्यंत पोचलीच नाही. बनावट स्विचच प्रत्येक वेळी होकार देत राहिला.

११ ऑगस्ट रोजी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे बारा हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून अडीच कोटी रुपये बनावट कार्डांनी काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्टद्वारा आणखी सुमारे १३ कोटी ९२ लक्ष रुपये हाँगकाँगमधील एका खात्याकडे पाठविण्यात आले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांना दोषी ठरविले.

कुंभकोणमला विचारणारा खोटा होता. पुण्याला उत्तर देणारा खोटा होता. आपण सामान्यतः ओळखपडताळणी एकतर्फी समजतो: दाराशी आलेल्याने आपण कोण ते सिद्ध करावे. परंतु दार तरी खरे आहे काय, हे कोणी पाहावयाचे? म्हणूनच आधुनिक जोडणीत दोन्ही बाजूंनी एकमेकांना प्रमाणपत्र दाखविण्याची पद्धत आहे. आज्ञावली मेनफ्रेमला आपली ओळख देते. मेनफ्रेमही आज्ञावलीला आपली ओळख देतो. शिवाय प्रत्येक होकारासोबत असे गणिती मोर्तब जोडता येते, की जे मध्यवर्ती संगणकाखेरीज कोणालाही उठविता येऊ नये. मधल्या यंत्राने निरोप्याचे काम करावे. त्याला स्वतःहून होकार देण्याची शक्तीच असू नये.

मुंबई: न जोडलेली दोन यंत्रे

तिसरी घटना कुंभकोणमच्या प्रकारानंतर आठवड्याभरातच, १४ फेब्रुवारी २०१८ रोजी, उजेडात आली. पंजाब नॅशनल बँकेने जाहीर केले, की आपल्या मुंबईतील एका शाखेतून सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे गैरव्यवहार झाले आहेत. परदेशी बँकांना हमीपत्रे स्विफ्टवरून पाठविली गेली होती. मात्र त्यांची नोंद बँकेच्या मध्यवर्ती हिशेबात कधी झालीच नव्हती. स्विफ्टची यंत्रणा आणि बँकेचा मध्यवर्ती संगणक एकमेकांशी जोडलेलेच नव्हते. एकात आज्ञा द्यावी आणि दुसऱ्यात माणसाने हाताने नोंद करावी, अशी रीत होती, आणि ती नोंद न करणे माणसाच्या हातात होते.

येथे बाहेरून कोणी शिरण्याची गरज पडली नाही. पत्रावर शिक्का होता, मोर्तब होते. दफ्तरातील नोंद तेवढी नव्हती. भारतीय रिझर्व्ह बँकेने २० फेब्रुवारी २०१८ रोजी काढलेल्या पत्रकात सांगितले, की स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराविषयी ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना सावध करण्यात आले होते. त्यानंतर सुरक्षेचे उपाय ठरावीक मुदतीत अमलात आणणे बँकांवर बंधनकारक करण्यात आले. मार्च २०१९ मध्ये, या सूचनांच्या पालनात उणिवा आढळल्यावरून, ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड झाला.

रुजुवात

तिन्ही घटना एकत्र ठेवून पाहिल्या, की एक गोष्ट ठळकपणे दिसते. परवलीचा शब्द, तिकीट, प्रमाणपत्र ही साधने विचारणाऱ्याच्या हाती योग्य किल्ली आहे एवढेच सिद्ध करतात. किल्ली धरणारा हात कोणाचा, हे ती सिद्ध करू शकत नाहीत. म्हणून ओळखपडताळणी कितीही कडक असली, तरी तिच्या शेजारी स्वतंत्र रुजुवात उभी असावी लागते. ही रुजुवात अशा माणसाने किंवा यंत्राने घ्यावी, की ज्याचा मूळ व्यवहाराच्या साखळीशी संबंध नाही. कारण साखळी ज्याच्या ताब्यात गेली, त्याच्या ताब्यात तिची पोचही जाते. जी नोंद व्यवहार करणाऱ्याच्याच यंत्रावर राहते आणि त्याच्याच इच्छेने पुसता येते, ती साक्ष नव्हे.

व्यवस्था रचणाऱ्याने यावरून काही साधे नियम पाळावेत. सामाईक नावाचे अधिकार कामापुरतेच ठेवावेत आणि त्याचा परवलीचा शब्द वेळोवेळी बदलावा. मूळ माणसाचे नाव शेवटच्या नोंदीपर्यंत पोचेल, अशी जोडणी करावी. दोन्ही बाजूंनी एकमेकांची ओळख मागावी. मोठ्या रकमेची आज्ञा एकाने लिहावी आणि दुसऱ्याने, वेगळ्या किल्लीने, मंजूर करावी. छपाईयंत्र बंद पडणे ही दुरुस्ती खात्याची बाब न मानता पहारेकरी नाहीसा झाल्याची वार्ता मानावी.

सामान्य खातेदारालाही या व्यवस्थेत एक स्थान आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने असे ठरविले, की बँकेचाही दोष नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रकारे, त्रयस्थाच्या घुसखोरीमुळे खात्यातून पैसे गेले असतील आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ते कळविले असेल, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा पडू नये. या तरतुदीचा गर्भित अर्थ मोलाचा आहे. आपले खातेपुस्तक नियमाने पाहणारा ग्राहक हा केवळ लाभार्थी नसतो. तो त्या विशाल यंत्रणेचा स्वतंत्र साक्षीदार असतो. बँकेतील कोणतीही साखळी ज्याच्या ताब्यात गेली, त्याच्या ताब्यात ग्राहकाची स्मरणशक्ती जात नाही.

कुंभकोणमचा व्यापारी दिवसाच्या अखेरीस आपल्या लहानशा वहीत विक्रीचे आकडे मांडतो आणि महिन्याकाठी ते बँकेच्या खातेपुस्तकाशी ताडून पाहतो. मध्यवर्ती संगणकाच्या शेजारी ही वही क्षुल्लक वाटेल. परंतु ती बँकेच्या यंत्राला जोडलेली नाही, हेच तिचे मोल आहे.